हळदीच्या गावची पिओनी

काकांच्या घरात दोन फ्रीज होते आणि दूध तरीही बाहेर असायचं. कुवेत शहरात मिरकाबमधल्या त्या जुन्या इमारतीत मी त्यांच्या घरातली एक खोली भाड्यानं घेतली तेव्हा जानेवारी होता. पहिल्याच संध्याकाळी खालच्या बकाल्यातून, म्हणजे किराणा दुकानातून, दुधाची बाटली आणली, स्वयंपाकघरातला मोठा फ्रीज उघडला, तर आत कुंड्या. भाजी नाही, अंडी नाहीत, कालची आमटी नाही. मधले कप्पे काढून टाकलेले आणि तिथे काठोकाठ मातीनं भरलेल्या कुंड्या ओळीनं मांडलेल्या. मी बाटली हातात धरून तशीच उभी राहिले. मागून आवाज आला, "दार लाव, दार लाव! झोपल्यात त्या."

"कोण?"

"पिओनी. थंडीत गाढ झोप लागली तरच त्यांना फूल येतं. झोपमोड केली की वर्षभर नुसती पानं." मग माझ्या हातातल्या बाटलीकडे बघून काकांनी मार्ग सुचवला, "दूध खिडकीत ठेव. जानेवारीत कुवेतची खिडकी म्हणजे फ्रीजच की."

"आणि जूनमध्ये?"

"जूनमध्ये फ्रीज मोकळाच असतो."

दुसरा, छोटा फ्रीज काकूंचा होता. त्यात त्यांच्या चटण्या, इडलिंबाचं लोणचं आणि भिजवलेली मटकी एकमेकांच्या अंगावर चढून बसलेली असायची. मी पुण्याची असल्यामुळे घरमालकाच्या नियमांना घाबरत नाही. दूध खिडकीत ठेवलं.

काका आमच्याच हॉस्पिटलात होते. मी लॅबमध्ये, ते तळघरात, चिलरच्या शेजारी. वॉर्डांपासून रक्तपेढीपर्यंत जे जे थंड राहायला हवं ते त्यांच्या ताब्यात होतं आणि याचा त्यांना अभिमान होता. "डॉक्टर नसला तर पेशंट दोन तास थांबतो," ते म्हणायचे, "ऑगस्टमध्ये माझा चिलर थांबला तर डॉक्टर पण थांबत नाही." दिवसभर त्यांना फोन यायचे ते "मी एक्स-रे बोलतोय, इकडे एसी बंद आहे" किंवा "मी फार्मसी बोलतेय" असे. त्यामुळे माणसाला नाव असतं हे ते विसरून गेले होते. मला ते "लॅब" म्हणायचे. घरातसुद्धा. "ए लॅब, चहा घेतीस का?" काकू फहाहीलच्या एका क्लिनिकमध्ये नर्स होत्या, म्हणून त्या "सिस्टर". भर दिवाणखान्यात, पाहुण्यांसमोर, हा माणूस स्वतःच्या लग्नाच्या बायकोला सिस्टर म्हणायचा आणि पाहुणे चहाच्या कपात बघायचे.

"अहो, निदान माणसं आल्यावर तरी," काकू म्हणायच्या.

"बरं सिस्टर," काका म्हणायचे.

दोघं मूळचे हिंगोलीकडचे. काका बसमतजवळच्या एका हळद पिकवणाऱ्या गावातले. निम्मं आयुष्य कुवेतमध्ये गेलं तरी बोलणं तिकडचंच राहिलं होतं आणि मोजमापंही. समुद्रावर दस्मानच्या बाजूला फिरायला गेलो की ते पाण्याकडे बघून म्हणायचे, "एवढं पाणी आमच्या तळ्यात असतं तर!" उन्हानं माझं डोकं दुखलं की मला "हायब्रीड" म्हणायचे. मराठवाड्यातल्या म्हाताऱ्यांची ही जुनी शिवी आहे. हायब्रीड ज्वारी आली, कणसं मोठी झाली, भाकरीची चव गेली, आणि तेव्हापासून जे दिसायला टुमटुमीत पण आतून कच्चं ते सगळं हायब्रीड. आजकालची पोरं हायब्रीड, नवीन एसी हायब्रीड, पुण्याच्या मुली तर विचारूच नका. फक्त कुंड्यांतली पिओनी, जी खरोखर हायब्रीड होती, तिला मात्र तो शब्द लावलेला त्यांना चालत नसे. "ती संकरित आहे," ते गंभीरपणे म्हणायचे. एक जात झुडपासारखी खोड धरणारी, दुसरी जमिनीत मरून पुन्हा उगवणारी, आणि दोघींच्या संकरातून आलेली ही तिसरी, पिवळ्या फुलांची. "बापाचा ताठा आन आईची चिकाटी," ते सांगायचे.

"म्हणजे आपल्या पोरासारखंच की," काकू आतून म्हणायच्या. पोरगा कॅनडात होता. फोनवर आईबाप मराठीत बोलायचे आणि तो इंग्रजीत उत्तरं द्यायचा. पिओनीचा विषय निघाला की त्याचं एकच वाक्य ठरलेलं होतं: "डॅड, जस्ट बाय वन." काका फोन काकूंकडे देऊन टाकायचे.

विकत घेऊन चालणार नव्हतं, कारण प्रश्न शब्दाचा होता. ती गोष्ट मला काकूंनीच सांगितली. मी यायच्या बऱ्याच आधी कधीतरी क्लिनिकमधल्या एका पेशंटच्या घरचं लग्न झालं आणि त्यांनी काकूंना एक मोठा गुच्छ पाठवला. त्यात हे एक पिवळं फूल होतं. आलं तेव्हा मुठीएवढी कळी, मग रोज थोडं थोडं उघडत शेवटी लहान भाकरीएवढं झालं. काकू ड्यूटीवरून आल्या की चहा घेऊन त्याच्यासमोर बसायच्या. टीव्ही नाही, फोन नाही. पाकळ्या गळल्या त्या दिवशी त्या म्हणाल्या, "इतकं मोठं फूल मी जन्मात बघितलं नव्हतं." काका जेवत होते. एका फुलाकडे बायको आठवडाभर असं बघते, आपल्याकडे एवढ्या वर्षांत बघितलं नाही, हे त्यांना बहुधा झोंबलं असावं. ते म्हणाले, "त्यात काय आहे? मी घरात काढून दाखवतो. कुवेत सोडायच्या आधी तुझ्यासमोर ठेवतो की नाही बघ."

ज्या फुलवाल्याच्या शीतखोलीचं काम काका सुट्टीच्या दिवशी बघायचे, त्याच्याकरवी त्यांनी परदेशातून कंद मागवले आणि तेव्हापासून त्या घराचा हंगाम माणसांच्या नव्हे तर पिओनीच्या सोयीनं चालू लागला.

कुवेतमध्ये पिओनी लावणं म्हणजे काय ते सांगायला हवं. हे बर्फाच्या देशातलं झाड. हिवाळ्यात त्याला कडक थंडी लागते, उन्हाळ्यात सौम्य ऊन. कुवेतचा हिवाळा त्याच्या दृष्टीनं गुलाबी आणि उन्हाळा त्याच्या कल्पनेच्या पलीकडचा. म्हणून थंडीत फ्रीज. थर्मोस्टॅट काकांनी स्वतः बदललेला, दारावर चिठ्ठी, "उघडू नये". आणि उन्हाळ्यात घरातली सगळ्यात थंड खोली झाडांना. ती खोली खरं तर काका-काकूंची झोपायची होती. मे ते सप्टेंबर दोघं दिवाणखान्यात गाद्या टाकून झोपायचे आणि आत पिओनी एसी खात बसायची. मी एकदा म्हटलं, "काका, भाडेकरू ती आहे की मी?" ते म्हणाले, "तू भाडं देतीस. ती मालकीण आहे."

धुळीचं वादळ येणार असं मोबाईलवर आलं की हॉस्पिटलातून फोन यायचा, "लॅब, घरी कोण आहे? बाल्कनीतल्या आत घे." एका वादळात घरी कोणीच नव्हतं. काका पोचेपर्यंत सगळी पानं तांबडी. मग ते ओल्या रुमालानं एकेक पान पुसत बसले, वरून, खालून. काकू येऊन चपला काढता काढता म्हणाल्या, "माझ्या डोळ्यात पण धूळ गेली आहे." काकांनी मान वर न करता रुमालाचा दुसरा कोपरा पुढं केला. मला हसू आवरेना. काकूंनी मात्र खरंच त्या कोपऱ्यानं डोळे पुसले.

एवढं सगळं करून फूल येत नव्हतं. दर वर्षी पानं यायची, तुकतुकीत, गर्द, कुणालाही हेवा वाटावा अशी. कळी एकही नाही. आणि का येत नव्हती ते काका सोडून घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

काकांचा बाप हळद लावायचा. हळदीचं बेणं लावतात, पीक वाढायला लागलं की बुंध्याला माती चढवतात. त्याला भर लावणं म्हणतात. कंद उघडा पडला की उन्हानं हिरवा पडतो, पोसत नाही. काका लहानपणी बापाच्या मागं वाकून भर लावत जायचे, आणि कुठे कंद उघडा दिसला तर पाठीत धपाटा बसायचा. पन्नाशी उलटलेल्या माणसाला तो धपाटा अजून आठवत होता. त्यामुळे पिओनीचा कंद हातात आला तेव्हा त्यांनी तो हळदीसारखाच खोल लावला आणि फ्रीजमधून कुंड्या बाहेर आल्या की दर फेब्रुवारीत वरून चांगली वीतभर भर लावली. पिओनीचं नेमकं उलटं असतं. तिच्या कंदाचे डोळे मातीच्या अगदी वरच्या थरात, जवळजवळ उघडे हवेत. खोल गेले की ती पानं देते आणि फुलाच्या नावानं हात वर करते.

हे काकूंनी फहाहीलच्या बसमध्ये मोबाईलवर एका व्हिडिओत बघितलं आणि घरी येऊन सांगितलं. त्या दिवशी मी घरातच होते.

"अहो, माती जास्त होतीय म्हणून फूल येईना. वरची काढायला पाहिजे."

"कोण म्हणलं?"

"एक बाई आहे. चाळीस प्रकारच्या पिओन्या लावल्यात तिनं."

"तिच्या बापानं हळद लावली होती का?"

"नाही हो, पण..."

"मग हळदीच्या गावात जन्मलेल्या माणसाला कंद लावायला कामून शिकवायलीस? उघडा कंद ठेवतात का कुठं? लाज वाटती बघायला."

काकूंनी दुसऱ्या वर्षी सांगून बघितलं, तिसऱ्या वर्षी सांगून बघितलं. मग सोडून दिलं. मीही एकदा तोंड उघडलं होतं. "हायब्रीड," एवढंच उत्तर मिळालं.

मग काकांच्या निवृत्तीचं ठरलं. इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, संपायच्या आत परत जायचं होतं, मे महिन्याची तिकिटं काढून झाली. गावाकडं घर बांधून तयार होतं. म्हणजे हातात एकच हिवाळा उरला. काका त्या हिवाळ्यात फार शांत होते. फ्रीजचं दार दिवसातून एकदा हळूच उघडून बघायचे आणि लावायचे. एकदा मला म्हणाले, "अख्ख्या हॉस्पिटलाला थंड ठेवलं गं मी. एक कंद ऐकंना." चेष्टेतच म्हणाले.

फेब्रुवारीत कुंड्या बाहेर काढताना त्यांची कंबर धरली. अशी धरली की पलंगावरून संडासापर्यंत जायला दोन माणसं लागायची. कुंड्या मी आणि काकूंनी बाल्कनीत नेल्या. काका आतून ओरडून सांगत होते, "सिस्टर, भर लाव! पोतं दाराच्या मागं आहे! चांगली वीतभर!"

"लावतेय!" काकू ओरडल्या.

आणि त्यांनी पदर खोचला, सगळ्यात जोमदार कुंडीसमोर बसल्या आणि माती काढायला लागल्या. चमचा नाही, खुरपं नाही. बोटांनी, कडेकडेनं, हलक्या हातानं. थोड्या वेळानं कंद दिसला, आणि त्यावर गुलाबी डोळे, फुगलेले. काकूंनी वरची सगळी माती पिशवीत भरली, खाली जाऊन इमारतीच्या दारातल्या खजुराच्या आळ्यात ओतली आणि वर आल्या. मी नुसती बघत होते.

"त्यांना दिसेल की काकू."

"वाकता येईना त्यांना. तोवर पानं पसरतील, मग माती कुठं दिसती? तू बोलू नको."

"लावली का भर?" आतून आवाज.

"लावली!" आम्ही दोघी म्हणालो.

कंबर सुटली तेव्हा पानं पसरली होती. मार्च संपता संपता त्या कुंडीत कळी आली. काकांनी ती पहिल्यांदा पाहिली. खुर्ची आणली आणि कुंडीसमोर बसले. कळी वाढत गेली तशा तिच्या चिकट गोडव्याला मुंग्या लागल्या. काकू सवयीनं हळदीचा डबा घेऊन धावल्या, बुंध्याभोवती रेघ ओढायला. काकांनी त्यांचा हात धरला. "राहू दे सिस्टर. इतक्या वर्षांनी कुणीतरी बघायला आलंय, हाकलू नको." काकूंनी डबा परत नेला. माझ्या लॅबमधल्या बायका, खालचा रत्नागिरीचा बकालेवाला, इमारतीचा मिसरी हारिस म्हणजे रखवालदार, सगळे कळी बघून गेले. काका प्रत्येकाला भर लावण्याचं शास्त्र समजावून सांगत होते. बकालेवाला मामू जाताना म्हणाला, "आमच्याकडं आंब्याला पण एवढे लाड नाय करीत." आणि काकू पाठमोऱ्या उभ्या राहून काहीही न ऐकल्यासारख्या भांडी लावत होत्या.

एप्रिलमध्ये एका शुक्रवारी, तिकडच्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी फूल उघडलं. काकूंना त्या दिवशीही ड्यूटी होती. त्या युनिफॉर्म घालून चहा घेत बाल्कनीच्या दाराशी आल्या आणि तिथेच थांबल्या. पिवळं, पाकळ्यांच्या बुडाशी तांबूस, आणि खरंच लहान भाकरीएवढं. त्या खाली जमिनीवरच बसल्या. खाली क्लिनिकच्या बसचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत राहिला आणि शेवटी निघून गेला.

"पिवळं आहे," काकू म्हणाल्या.

"मग? हळदीच्या गावचा आहे मी," काका म्हणाले.

काकू हसल्या, आणि हसता हसता रडायला लागल्या. तळहातानं डोळे पुसत म्हणाल्या, "शब्द पाळलात हो." काका इतके फुलून गेले की त्या फुलाकडे बघावं की त्यांच्याकडे, हे मला कळेना. मी मात्र काकूंकडे बघत होते. असं खोटं इतक्या सरळ चेहऱ्यानं मला आयुष्यात बोलता येणार नाही. मला त्यांच्याविषयी फार माया वाटली.

निघायच्या आधी सामान बांधणं चाललं होतं. कुंड्या आणि त्यांचा फ्रीज मला मिळणार होता, कारण ते घर मी आणि माझ्या मैत्रिणीनं मिळून घ्यायचं ठरवलं होतं. काकांनी मला बाल्कनीत बोलावलं आणि सगळं समजावलं. पानं कधी कापायची, फ्रीज कितीवर ठेवायचा, वादळात काय करायचं. शेवटी आत एकवार बघून आवाज उतरवला.

"आन ऐक, लॅब. भर लावू नको."

मी झटकन बाल्कनीचं दार पुढं ओढलं.

"कंबर धरली होती माझी, डोळे नव्हते धरले. उठता यायला लागल्यावर पहिल्यांदा इथंच आलो. कठड्याला धरून वाकलो, पानं बाजूला केली, तर कंद उघडा. हात पोत्याकडं गेलाच होता. बापानं चामडी लोळवली असती तसा कंद बघून. मग दिसलं, कडेनं माती अशी बोटानं निगुतीनं काढलेली. ड्रेसिंग बदलावं तशी. म्हणलं, ही तर आपली सिस्टर. राहू दे. मग रोज सकाळी यायचो, बघायचो, हात खिशात घालून परत जायचो. लई जड गेलं गं."

"मग काकूंना सांगितलं का नाही?"

"तिला वाटायलंय की तिनं गुपचूप मला माझं फूल आणून दिलं," काका म्हणाले. "ते आता तिच्याकडून कशाला काढून घेऊ?"

आतून काकूंचा आवाज आला, "काय सांगायलाव तिला इतकं?"

"भर लावायला शिकवायलोय!" काका सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं ओरडले. "वीतभर! दाबून!" आणि आत निघून गेले.

दुपारी काकूंनी मला स्वयंपाकघरात गाठलं. लोणच्याची बरणी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "ते भर भर करतील. ऐकू नको. माती काढ, डोळे उघडे ठेव. पण बाई, त्यांना कधी कळू देऊ नको. बापानं दिलेलं तेवढंच आहे त्यांच्याजवळ. त्यांना वाटू दे, बापाच्याच पद्धतीनं आलं म्हणून."

मी हो म्हणाले. दोघांनाही हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

आता दर शुक्रवारी त्यांचा व्हिडिओ कॉल येतो. काका पुढे, काकू त्यांच्या खांद्यामागे. मागे कुठेतरी कोंबडा ओरडत असतो. काका माझी चौकशी करायच्या आधी ओरडून विचारतात, "लॅब, भर लावलीस का?" मी म्हणते, "लावली काका, चांगली वीतभर." मग त्यांना कुंडी बघायची असते. मी फोन घेऊन बाल्कनीत जाते आणि तो पानांच्या बराच वर धरते. दोघंही स्क्रीनमध्ये डोकं घालून खूप वेळ बघत राहतात. "फोन जरा खाली घे की," असं आजवर दोघांपैकी कुणीही म्हटलेलं नाही.